पयले तोंड, मंग हात

माझ्या सासरी नव्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारत. चहा घेणार का, याच्याही आधी. "बिबा उतते का तुमाले?"

मी तो पहिल्यांदा ऐकला माझ्याच बघण्याच्या वेळी, अकोल्याला, आमच्या पुढच्या खोलीत. स्वयंपाक येतो का, लग्नानंतर शिकवणं सोडणार का, असल्या प्रश्नांची उत्तरं मी घोटून ठेवली होती, आणि त्यातल्या एकदोन उत्तरांनी हे स्थळ पळवून लावायचा बेतही होता. होणाऱ्या सासूबाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. बिब्ब्याचं तेवढं विचारलं. मी म्हणाले, "माहीत नाही. कधी हात लावला नाही." त्या माझ्या आईकडे वळल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "हे बेस झालं, इहीनबाई. पोरगी कोरी हाय."

कोरी! मी एम.एस्सी. झालेली, अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवणारी, आणि ही बाई मला कोरी म्हणते. रागानं माझे कान लाल झाले. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली. लग्न ठरून गेलं.

बिब्बा शहरातल्या लोकांनी बहुधा दुकानाच्या दारात, लिंबू-मिरचीच्या माळेतच पाहिलेला असतो. काळी, चपटी, कडक बी. तिच्या टरफलात काळं तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते, आणि काही जणांची नुसती भाजून थांबत नाही; अंग सुजतं, फोड येतात, पाणी गळायला लागतं. याला बिब्बा उतणं म्हणतात. आणि त्याच टरफलाच्या आत पांढरी, गोड गोडंबी असते, जी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. माझ्या सासरी, अचलपूरला, मेळघाटातून बिब्ब्याची पोती येत आणि मागच्या अंगणात बायका बसून तो फोडत, गोडंबी वेगळी काढत. सासूबाईंनी हा धंदा तरुणपणी हाती घेतला होता आणि सासरे गेल्यावर एकटीनं चालवला होता.

त्या वर्षांत घर या धंद्यावरच उभं होतं. शेती होती, चांगली काळी जमीन होती, पण कपाशी दर हंगामात काही ना काही दगा देई. कधी पाऊस उशिरा, कधी अळी, कधी भाव नाही. वलगावाकडून एस.टी.नं येता-जाताना पडीक वावरं दिसत, आणि पेपरात शेतकऱ्यांबद्दल रोज काय छापून येई ते मी इथं पुन्हा सांगत नाही. वेचणी-निंदणाला जाणाऱ्या बायकांना काम उरलं नव्हतं. त्या सकाळी आमच्या अंगणात येऊन बसत, आणि दुपारपर्यंत दगडांचे ठकठक आवाज चालत. मला तो आवाज आवडायचा. त्या दिवसांत कुठून तरी कामाचा आवाज येतोय, याचंच बरं वाटायचं.

त्या अंगणाचा एक नियम होता. नवी बाई कामाला आली की सासूबाई तिला आधी नुसती गोडंबी खायला देत. वाटाण्याएवढ्या लाडवापासून सुरुवात, मग जरा मोठा, मग आणखी. तोवर बिब्ब्याला हात लावायचा नाही. बाई कुरकुरली तर त्या म्हणत, "पयले तोंड, मंग हात. पोटानं वळखलं त आंग भांडत नाई." सगळ्यांनाच हे लागू पडे असं नाही. एखादी तरीही उतायची आणि काम सोडून जायची. पण बऱ्याच जणींचं निभायचं.

सून म्हणून माझाही लाडू ठरलेला होता. पण लग्न झालं वैशाखात, आणि भर उन्हाळ्यात गोडंबी उष्ण पडते म्हणून सासूबाईंनी तो दिवाळीवर ढकलला. तोवर मागच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असं मला बजावून सांगितलं. मला कुणी अमुक करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. हा गुण मी माहेराहून आंदण आणला आहे. ज्येष्ठात एक दिवस घरी मी एकटीच होते. वारा सुटला, आभाळ भरून आलं, आणि अंगणात उन्हात टाकलेला बिब्बा भिजणार असं दिसलं. मी पदर खोचला आणि ओंजळी भरभरून सगळा माल पोत्यात घातला. मनगटाला थोडं काळं लागलं, तिथं बारीकसा फोड आला. सासूबाई आल्या, माझं मनगट पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"आई, काही झालं नाही," मी ऐटीत म्हणाले. "मला नाही उतत."

"आत्ता नाई झालं," त्या म्हणाल्या. "आता पाह्यत राहा लागन."

आषाढ लागला. एका सकाळी नवऱ्यानं रिकामं पोतं पुढच्या खोलीत टाकलं होतं, ते मी चिडून उचललं, झटकलं आणि बाहेर भिरकावलं. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी उठले तर डोळे उघडेनात. तोंड असं सुजलं होतं की आरशात मला मीच सापडले नाही. हात, गळा, कानामागे, सगळीकडे फोड. नवऱ्यानं मला ओढणीत गुंडाळून अमरावतीला एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. औषधं लिहून देताना म्हणाल्या, "पहिल्या वेळी शरीरानं फक्त ओळख करून घेतली. या वेळी ओळख दाखवली. हे आता जन्मभर राहणार असं समजा. त्या जागेपासून लांब राहायचं."

"ती जागा म्हणजे माझं घर आहे," मी म्हणाले.

"मग कठीण आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

म्हणून राजापेठेत क्लासच्या जवळच एक खोली घेतली. मी तिथं, नवरा अचलपूरला. शनिवारी संध्याकाळी तो एस.टी.नं यायचा, घरमालकाच्या नळावर अंगावरचे कपडे उतरवून बादलीत बुडवायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मगच आत यायचा. घरमालकीण हे सगळं खिडकीतून पाहायची. नव्या नवरानवरीचं हे असलं काय सोवळं, हे तिला कधी कळलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. लग्न करून मी सासरी जाऊ शकत नव्हते. माझं उरलेलं आयुष्य असंच शनिवार ते सोमवार जाणार का, हा विचार मनात आला की मला रडू यायचं, आणि रडू आलं की सुजलेल्या डोळ्यांची आग व्हायची, म्हणून मी रडायचीही नाही.

क्लासमध्ये डेन्ड्रिटिक पेशी हा विषय मी दोन ओळींत उरकून टाकत असे, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. आता राजापेठेतल्या इंटरनेट कॅफेत बसून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचू लागले. आजूबाजूला पोरं गेम खेळत, आणि मी माझ्या कातडीत नेमकं काय घडलं ते शोधत बसे.

या पेशींना फांद्या असतात. नावाचा अर्थच तो. कातडीत, आतड्यात, फुप्फुसात, जिथं जिथं बाहेरचं जग अंगाला भिडतं तिथं त्या फांद्या पसरून बसलेल्या असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा नमुना गोळा करतात. भांडण त्या स्वतः करत नाहीत. सापडलेल्या वस्तूचा तुकडा घेऊन त्या जवळच्या लसिका ग्रंथीत जातात, म्हणजे काखेत किंवा जांघेत कधीकधी हाताला लागते त्या गाठीत, आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे अंगाच्या शिपायांना, तो तुकडा दाखवतात. लढायचं की सोडून द्यायचं हे तिथं ठरतं. आणि ते ठरण्यात तुकड्यापेक्षा दाखवणारीच्या आवेशाचा भाग मोठा असतो. या घरची बातमी त्या घरी नेणाऱ्या एखाद्या आत्यासारखं हे आहे. सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं, एवढीच बातमी. आत्यानं ती हसत सांगितली तर घर हसतं, ओठ मुडपून सांगितली तर घर पेटतं.

बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. भाजलेल्या पेशी धोक्याच्या खुणा सोडतात. त्या गोंधळातून तुकडा उचलून निघालेली डेन्ड्रिटिक पेशी गाठीत पोचते तेव्हा भडकलेलीच असते, आणि तिचं ऐकून टी पेशी लढायला तयार होतात. माझ्या मनगटाचा फोड वाळत होता, मी ऐटीत फिरत होते, आणि आत माझ्याविरुद्धच फौज उभी राहत होती. आतड्यात हीच गोष्ट वेगळी घडते. तिथं रोज दोन वेळा परकं अन्न येतं. प्रत्येक घासावर लढाई झाली तर माणूस जगेल कसा? म्हणून तिथल्या आसपासच्या पेशी सतत शांत करणारे इशारे देत राहतात. तिथली डेन्ड्रिटिक पेशी त्या इशाऱ्यांत मुरते, अन्नातल्या अ जीवनसत्त्वाचा वापर करून घेते, आणि गाठीत जाऊन तोच तुकडा सावकाश दाखवते. मग तिथं वेगळ्या टी पेशी तयार होतात. त्यांना नियामक म्हणतात. त्यांचं काम लढण्याचं नाही, लढायला उठलेल्यांना खाली बसवण्याचं.

मला या सगळ्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटे. चांगली पेशी आणि वाईट पेशी असं काही नव्हतं. एकच पेशी, एकच बिब्बा. भेट कुठं झाली, कुठल्या परिस्थितीत झाली, यावर सगळं अवलंबून. जगात ठिकठिकाणी लोक या पेशींना प्रयोगशाळेत ड जीवनसत्त्व देऊन, स्टेरॉइड देऊन शांत स्वभावाच्या बनवायचा प्रयत्न करत होते, ज्यांचं शरीर स्वतःशीच भांडतं अशा रोग्यांसाठी. ते वाचून मला उगाच आशा वाटायची. आणि त्याच पानांवर हेही लिहिलेलं असायचं, की एकदा भडकलेलं अंग शांत करणं हे मुळात शांत ठेवण्यापेक्षा फार अवघड.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या मला भेटायला खोलीवर आल्या होत्या, नळावर हातपाय धुऊन, माझ्यापासून लांब, खुर्चीवर बसल्या होत्या. मी पेशीचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"म्हनजे मी म्हनते थेच," त्या म्हणाल्या. "पोटातून गेलं का शांती."

"हो. पण आधी पोटातून गेलं तरच. आता माझ्या बाबतीत नाही ना चालणार, आई."

यातलं पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं. अर्धं ऐकण्यात आमच्या घरात कुणी कुणाला हार जात नाही.

थंडी पडली तशी त्यांनी माझ्यासाठी मेथीचे लाडू पाठवले. गोडंबीशिवायचे, असा निरोप होता. चांगले झाले होते, मी दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी कोपराच्या खळग्यात, गुडघ्यामागे, मानेवर, जिथं बिब्ब्याचा वाराही लागला नव्हता अशा सगळ्या जागी अंग तापलं, लाल झालं, खाजून खाजून जीव नकोसा झाला. कामात बिब्बा घालणं हे मी लहानपणापासून म्हणत आले होते. कुणी ते इतक्या शब्दशः करताना मात्र पाहिलं नव्हतं. मी तशीच एस.टी.त बसले आणि अचलपूरला गेले. घरात शिरले नाही, रस्त्यावरूनच हाक मारली.

"गोडंबी काहून घातली, आई?"

शेजारपाजारचे बाहेर आले. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. मला वाटलं त्या नाही म्हणतील, निदान आवाज चढवतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"चिमूटभर घातली," त्या म्हणाल्या. "तुले घरात घ्याले घातली. तू तिथं खोलीत, माहा पोरगा इथं. मले वाटलं, पोटानं घेतलं त आंग बी घेईन."

इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी मला कुणाबद्दल वाटली नव्हती. मी रस्त्यावरूनच परत फिरले, डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांची बोलणी खाल्ली. त्यानंतर सासूबाईंनी मला खायचं काही पाठवलं नाही. नवऱ्याबरोबर फक्त पेरू येत, अख्खे, न कापलेले.

वर्ष उलटलं आणि मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी अकोल्याला आले. मुलगी झाली. काळ्याभोर केसांची, आवाज एवढा की शेजारच्या गल्लीत कळावं. पाचवीच्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. एस.टी.नं, एकट्या, हातात लाडवांचा डबा. डबा आईच्या हाती देताना म्हणाल्या, "गोडंबी नाई, इहीनबाई. देवाशपथ नाई." आणि मग पाळण्याजवळ बसून त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून कापडात गुंडाळलेला एक बिब्बा काढला.

मला आधी कळलंच नाही. आईनं मात्र दिवा आणि सुई पुढे सरकवली, जणू हे ठरलेलंच होतं. सुईवर बिब्बा धरायचा, दिव्यावर तापवायचा, आणि निघालेल्या तेलाचा ठिपका लेकराच्या बेंबीशेजारी द्यायचा. पोट दुखत नाही, दृष्ट लागत नाही. सासूबाईंच्या घरात प्रत्येक लेकराला दिलेला. माझ्या नवऱ्याच्या पोटावर एक काळपट डाग आहे, तो मी जन्मखूण समजत होते.

"हात लावायचा नाही तिला!" मी ओरडले. पोरगी दचकून रडायला लागली.

"अव, एक ठिपका त हाय," सासूबाई म्हणाल्या.

"सगळ्यांनाच देतात गं," आई म्हणाली. म्हणजे माझी आईसुद्धा तिकडचीच निघाली.

मी पेशींबद्दल बोलायला लागले. धोक्याच्या खुणा, गाठ, टी पेशी. कोवळी कातडी, भाजलेली कातडी. माझा आवाज चिरकत होता आणि दोघी एकमेकींकडे पाहत होत्या, बाळंतिणीला वात झाल्यासारखं. सुई दिव्यावर गेली. मला दिसलं की या क्षणी ही मुलगी एक तर माझ्यासारखी होणार, कायमची त्या घराबाहेरची, किंवा नाही. आणि मी जे वाचलं होतं त्यातल्या एका शब्दाचाही इथं उपयोग नव्हता. तेव्हा माझ्या तोंडून जे आलं ते कॅफेतलं नव्हतं.

"आई, अंगनातल्या बाईले तुमी काय म्हनता? पयले काय?"

त्यांचा हात थांबला. "पयले तोंड," त्या म्हणाल्या.

"मंग इले काहून पयले आंग?"

"थे त कामाच्या बाईचं हाय. लेकराचं येगळं."

"आंग त आंगच हाय ना, आई. माह्या मनगटाले पयले लागला, त काय झालं थे पाह्यलं तुमी."

सासूबाईंनी बिब्ब्याकडे पाहिलं, मग माझ्या मानेवरच्या जुन्या डागांकडे. मग सुईवरून बिब्बा काढला, कापडात बांधला आणि बटव्यात टाकून नाडी ओढली. "खरं हाय," एवढंच म्हणाल्या. आईनं दिवा उचलून देवापुढे नेऊन ठेवला.

मला कोण आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईशी वाद जिंकले होते. मी उदार झाले. पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, आई. तुमची नात."

सासूबाईंनी हात पाठीमागे नेले.

"मी कशी घेऊ मंग?" त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी हात पुढे केले. पंजे काळे होते. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळव्यावरची प्रत्येक रेघ, सगळ्यात बिब्बा बसला होता. त्या पहाटे घरून निघताना हात धुऊनच आल्या असणार. तरी काळेच. "माह्या हातातच हाय थो," त्या म्हणाल्या. "तू म्हनली थे खरं असन, त माहे हात इले कसे चालतीन?"

माझं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच त्यांचंही खरं होतं. आईनं किती आग्रह केला, मी काय काय बोलले, त्या हलल्या नाहीत. संध्याकाळभर पाळण्याशी बसून राहिल्या. दोरी ओढायची तर पदराचं टोक हाताला गुंडाळून ओढत. सकाळच्या गाडीनं गेल्या. जाताना पाळण्यावर वाकल्या, वास घेतल्यासारखं केलं आणि निघाल्या. त्या गेल्यावर मी इतकी रडले की आई घाबरली. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुना, वाळून कातडीत मुरलेला डाग फारसं काही करत नाही. ताजं तेल वाईट. काही आठवडे फोडण्याचं काम केलं नाही, साबणानं हात नीट धुतले, तर वरची कातडी आपोआप निघून जाते. खात्री मात्र त्यांनी दिली नाही, त्या कधीच देत नसत. मी नवऱ्याला म्हटलं, आईंना सांग. त्यानं सांगितलं. म्हणाला, तिनं ऐकून घेतलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. ही मुलगी पुढे खाण्याच्या वयाची झाल्यावर डॉक्टरांना विचारून, दळलेली गोडंबी लाडवातून थोडी थोडी खाऊ लागली, आणि आजतागायत तिला बिब्बा उतलेला नाही. एका पोरीवरून काहीच सिद्ध होत नाही. तिच्या बापालाही उतत नाही आणि त्याच्या तर बेंबीशी डाग आहे. कुणी हे उपाय म्हणून करू नये. मी स्वतः अजूनही बिब्ब्याजवळून वाऱ्याची दिशा पाहून जाते.

सव्वा महिना झाला. नवरा न्यायला आला. मी राजापेठेतल्या खोलीवर जायचं म्हणून सामान बांधलं होतं.

"एक डाव अचलपूरले चाल," तो म्हणाला. "आईनं बलावलं. नाई पटलं त मी लगेच खोलीवर आनून सोडतो."

"आणि हिला काही झालं तर?"

"तू उंबऱ्याच्या भायेर उभी राह्य. पाह्य. मंग ठरव."

मी वाटभर दुपट्याची घडी सारखी करत राहिले. गल्लीत शिरलो आणि मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की ठकठक येत नव्हती. धंदा बंद पडला की काय? त्या दिवसांत बंद पडणं नवलाचं नव्हतं.

नवरा हसला. शेजारच्या चाचांची कापसाची वखार होती, कापूसच येत नव्हता म्हणून रिकामी पडलेली. सासूबाईंनी ती मागितली होती. चाची म्हणाल्या होत्या, "बच्ची के वास्ते है ना? फिर पूछना क्या, ले लो." सगळी पोती, दगड, बायका, सगळं तिकडं गेलं होतं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. घराच्या अंगणातली वरची माती खणून काढली होती, नवी भरून सारवली होती. कामावरून येणाऱ्या माणसासाठी वखारीतच न्हाणी, तिथंच धुतलेले कपडे. आणि वखार सासूबाई लांबून चालवत होत्या. अकोल्याहून परतल्यापासून त्या एकदाही बिब्ब्याला शिवल्या नव्हत्या.

मी उंबऱ्याच्या बाहेर थांबले. सासूबाई आल्या, भाकरीचा तुकडा आणि पाणी पोरीवरून ओवाळून टाकलं. चाची आणि दोन कामाच्या बायका भिंतीशी उभ्या होत्या. मग सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडे केले.

काळं नव्हतं. कातडी निघून गेली होती आणि खाली नवी, पातळ, गुलाबीसर आली होती, तिळाच्या तेलानं चमकणारी. हाताच्या रेषा दिसत होत्या. इतक्या वर्षांत त्या त्यांनाही दिसल्या नसतील.

"पाह्य बरं नीट," त्या म्हणाल्या. "आता घेऊ का?"

आपल्या नातीला हात लावायला ती बाई मला विचारत होती, आणि मी नाही म्हटलं असतं तर तिनं ते ऐकलंही असतं. मी उंबरा ओलांडला आणि पोरीला त्या हातांवर ठेवलं.